दगड खाणारा मासा आणि सर्जेअण्णा

आमच्या टायपिंग क्लासचा जिना अरुंद आहे. त्या जिन्याच्या वळणावर एखादा माणूस भिंतीला न टेकता ताठ उभा असेल, मनगटावरच्या घड्याळाकडं बघत असेल आणि क्लासची पोरंपोरी त्याला वळसा घालून वर-खाली करत असतील, तर ते सर्जेअण्णा आहेत असं खुशाल समजावं. त्यांना दम लागलेला नसतो. ते कुणाची वाटही बघत नसतात. ते थांबलेले असतात, इतकंच.

पहिल्या दिवशी मला वाटलं, पाय मुरगळला असेल. मी वरून विचारलं, "कोण पाहिजे?"

"तुमीच. येतोय."

"मग या की वर."

"आसं एकदम येत न्हाईत," ते म्हणाले आणि पुन्हा घड्याळात बघायला लागले.

थोड्या वेळानं ते वर आले, खुर्चीवर बसले आणि तोंडानं मोठा श्वास सोडला. "खोलातनं वर येताना मधी थांबायचं आसतंय, मास्तर. न्हाईतर रक्तात बुडबुडं हुत्यात."

विट्याच्या बाजारपेठेतून पहिल्या मजल्यावर येताना कुणाच्या रक्तात बुडबुडे झाल्याचं माझ्या ऐकिवात नव्हतं. मी तसं म्हणालो. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. "हितं न्हाई हुईत. पन सवय मोडाय नगो," ते म्हणाले. एवढं झाल्यावर त्यांनी काम सांगितलं. त्यांना समुद्रातल्या जिवांचं शिक्षण घ्यायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजीत चौकशी करायची होती.

ही गोष्ट नव्वद सालानंतरची, विट्यात पाण्याचे टँकर सुरू असतानाची.

बाहेरच्या वाचकाला आमच्या भागाची एक गोष्ट सांगायला हवी. इथले निम्मे कर्ते पुरुष इथं नसतातच. ते देशभर गलाईची दुकानं चालवतात. म्हणजे सोनारांकडची मोड, झाडलोट, जुने दागिने असं सगळं भट्टीत आणि तेजाबात घालून त्यातून चोख सोनं काढून द्यायचं. दिवाळीला गावी यायचं, नवं घर बांधायला काढायचं, आणि त्या घरात न राहता परत जायचं. सर्जेअण्णांचं दुकान कोचीला होतं. मिसरूड फुटायच्या आधी ते तिकडं गेले आणि मुलगा दुकान बघायला लागल्यावर परत आले. तोवर त्यांचे केस पांढरे झाले होते. मधली सगळी वर्षं त्यांची बायको अनसाकाकी इथं आणि ते तिथं. काकींचं माहेर पलूसकडं, नदीकाठाला. तिथून त्या आमच्या माळावर नांदायला आल्या आणि हंडा घेऊन टँकरची वाट बघायला शिकल्या. दर दिवाळीला अण्णा त्यांना म्हणायचे, "फुडच्या साली तुला समुद्र दावतो." पुढचं साल यायचं, तेव्हा नेमकं दुकानात काम निघायचं.

परत आलेला गलाईवाला आमच्याकडं लांबून ओळखू येतो. गळ्यात जाड साखळी, दारात नवी गाडी, आणि बोलताना मधेच एखादा मल्याळी नाहीतर बंगाली शब्द. सर्जेअण्णांनी येताना पाण्यातला चष्मा, श्वास घ्यायची वाकडी नळी आणि पायात घालायचे रबरी पंख आणले. पंख सोप्यात खुंटीला, खुरप्याशेजारी टांगलेले असत. पाहुणे विचारायचे, "हे काय म्हणायचं?" अण्णा म्हणायचे, "पायातलं हाय." पाहुण्याची नजर मग अण्णांच्या पायांकडं जायची.

त्याचं असं झालं होतं. कोचीच्या एका सोनाराचा मेहुणा बोटीनं जावं लागणाऱ्या एका बेटावर राहायचा आणि पर्यटकांना हवेची टाकी पाठीला बांधून समुद्रात उतरायला शिकवायचा. एका ओणमला दुकान बंद होतं, सोनारानं आग्रह केला, अण्णा गेले. पोहायला ते लहानपणी आमच्याकडच्या रीतीनं, पाठीला वाळका भोपळा बांधून विहिरीत शिकले होते. त्यामुळं पाठीला काहीतरी बांधून पाण्यात उतरायचं त्यांना नवल वाटलं नाही. पण खाली जाऊन त्यांनी डोळे उघडले आणि उभी हयात भट्टीसमोर काढलेला हा माणूस कामातून गेला. पुढं दर सुट्टीला ते बेटावर जायला लागले. रीतसर परीक्षा देऊन कार्ड मिळवलं. त्या कार्डावर ते हौशी पाणबुडे असल्याचं छापलेलं होतं आणि अण्णा त्या शब्दाला फार जपत.

एकदा शेजारच्या आबांची तांब्याची घागर विहिरीत पडली. आबांनी निरोप धाडला. अण्णांनी कार्ड काढून दाखवलं. "आबा, हितं हौशी लिवलंय. कामासाठी बुडायची मला परवानगी न्हाई."

आबा हिरमुसले. अण्णांनी थोडा विचार केला. "आसं करू. मी हौसेनं उतरतो. वाटंत घागर दिसली तर आनतो."

ते चष्मा, नळी, पंख असा सगळा साज चढवून उतरले. विहिरीत पाणी मांडीएवढं होतं. घागर वरूनच दिसत होती. वर येताना ते मधल्या पायरीवर घागर डोक्यावर घेऊन थांबले, आणि काठावर जमलेलं अर्धं गाव ते पुन्हा चालायची वाट बघत उभं राहिलं.

त्यांचं दुसरं वाक्य होतं, "श्वास धरायचा न्हाई. सोडत ऱ्हायाचा." पाण्याखाली श्वास धरला की फुप्फुसाला इजा होते म्हणे. पण अण्णांच्या मते जमिनीवरही माणसं उगीचच श्वास धरून असतात. बँकेत सही जुळते का हे कारकून बघत असताना. निवडणुकीच्या मोजणीला. मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात. अशा प्रत्येक ठिकाणी अण्णा शेजारच्याच्या बरगडीत बोट खुपसून त्याला श्वास सोडायला लावायचे. माझ्या क्लासमध्ये वेगाची चाचणी सुरू असताना ते बाकांमधून फिरत, "सोड. सोड," म्हणत. त्यांच्या नादानं माझा अख्खा क्लास टाइप करताना बैलासारखा फुसफुसायला लागला. निकाल मात्र त्या वर्षी बरा लागला, हे कबूल करायला हवं.

आता त्यांना शिकायचं काय होतं, ते सांगतो. अण्णांना माशांची नावं नको होती. चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक त्यांच्याकडं होतं आणि त्यात नावं होती. त्यांची अडचण वेगळी होती. "त्ये तसं का करतंय, त्ये सांगनारं कुनी न्हाई," ते म्हणायचे. त्यांनी खाली बघितलं होतं की एक बोटभर मासा एका ठरावीक खडकापाशी दुकान लावून बसल्यासारखा असतो. मोठमोठे मासे तिथं येऊन आ वासून थांबतात, आणि हा बोटभर मासा त्यांच्या तोंडात शिरून दात साफ करून बाहेर येतो. अण्णा त्याला न्हावी म्हणत. "मोठ्याला भूक लागत न्हाई व्हय? मिटलं तोंड की संपलं. पन मिटत न्हाई. का मिटत न्हाई?" आणि त्यांनी बघितला होता दगड खाणारा मासा. हिरवा-निळा, तोंडाला चोच, त्या चोचीनं तो दगडाचे लचके तोडतो. खाली कान देऊन ऐकलं तर कडाकडा आवाज येतो. आणि मागून वाळू सोडतो.

हे त्यांनी परत आल्यावर चहाच्या गाड्यावर सांगितलं. ऐकणाऱ्यांपैकी बापू नावाच्या गृहस्थांनी बशी खाली ठेवली. "अण्णा, दगड खातोय म्हनता?"

"व्हय."

"मग चार आटपाडीला सोडा की. तिकडच्या रानात दुसरं हाय काय."

गाडा हसला. अण्णाही हसले. गावच्या हसण्याचं त्यांना काही वाटत नव्हतं. त्यांचं दुखणं घरात होतं, आणि ते त्यांनी मला तिसऱ्या की चौथ्या पत्राच्या वेळी सांगितलं.

आमच्याकडं कुणी काही सांगायला बसलं की ऐकणाऱ्यानं मधे मधे "हूं" म्हणायचं असतं. ही जुनी रीत आहे. हूं आला की सांगणाऱ्याला कळतं, समोरचा जागा आहे आणि गोष्ट त्याला पटते आहे. हूं थांबला की सांगणारा समजतो, आता आवरावं. परत आल्यापासून अण्णा रोज संध्याकाळी काकींना समुद्राबद्दल सांगत होते. काकी चुलीपुढं बसून भाकरी थापायच्या. आणि एकदासुद्धा हूं म्हणायच्या नाहीत.

"एकदा बी न्हाई, मास्तर. न्हावी मासा सांगितला, न्हाई. दगड खानारा सांगितला, न्हाई. नुस्तं ताटाकडं बगत्या."

"कामात असतील."

"काम झाल्यावर बी न्हाई." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "त्येचं आसं हाय. फुडच्या साली समुद्र दावतो, फुडच्या साली दावतो, आसं मी तिला इतक्यांदा म्हनलंय की आता माझा शब्द तिच्या लेखी खोटा झाला. मी समुद्रातलं सांगतोय आन तिला वाटतंय, ह्ये बी तसलंच. माझ्या तोंडचं तिला पटायचं न्हाई. कुनीतरी शिकलेल्या मानसानं तिच्या म्होरं सांगाय पायजे की ह्यो खरं बोलतोय."

मग मी चौकशी मनावर घेतली. खरं सांगायचं तर मला वेळही होता. समोरच्या इमारतीत कॉम्प्युटरचा क्लास निघाला होता आणि माझी निम्मी पोरं तिकडं गेली होती.

मी उत्तम इंग्रजीत आणखी पत्रं टाइप करून पाठवली. उत्तरंही आली, कारण त्या काळी लोक उत्तरं देत. एका विद्यापीठानं कळवलं की सागरी जीवशास्त्र आहे, पण आधी विज्ञानाची पदवी हवी. अण्णा सातवी. दुसऱ्या ठिकाणाहून आलं की पदवी नसली तरी चालेल, पण हा अभ्यास बोटीवरून जाळ्यानं करायचा आहे, पाण्यात कुणी उतरत नाही. पाण्यात उतरायला शिकवणाऱ्यांना लिहिलं, तर त्यांनी रंगीत पत्रक पाठवलं. त्यात खोल उतरायचं शिक्षण होतं, बुडालेल्या जहाजात शिरायचं होतं, पाण्याखाली फोटो काढायचं होतं. मासे का तसं करतात, याचं नव्हतं. ज्यांना मासे कळत होते ते पाण्यात जात नव्हते, आणि पाण्यात जाणाऱ्यांना मासे समजून घ्यायचे नव्हते. अण्णा ते पत्रक बराच वेळ उलटसुलट करत बसले.

कुणीतरी सुचवलं म्हणून आम्ही मत्स्यव्यवसायाच्या सरकारी कचेरीत गेलो. साहेब सज्जन होते. त्यांनी खुर्ची दिली.

"शेततळं आहे का?"

"न्हाई."

"विहीर?"

"हाय. पानी न्हाई."

"मग मासे सोडणार कुठं?"

"सोडायचं न्हाईत," अण्णा म्हणाले. "समजून घ्यायचं हायती."

साहेबांनी टेबलावरची फाईल उघडली, दोन-तीन पानं चाळली, आणि मनापासून वाईट वाटल्यासारखं सांगितलं, "तशी योजना नाही."

शेवटी सांगलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या सरांना भेटलो. सर तरुण होते, भिडस्त होते. त्यांच्या प्रयोगशाळेत काचेच्या बरण्या ओळीनं मांडल्या होत्या. अण्णा एका बरणीसमोर थांबले. आत तारामासा होता, पाच पाकळ्यांचा, चुन्यासारखा पांढरा.

"ह्यो मेलाय व्हय?"

"हो, खूप वर्षं झाली."

"ह्यो निळा आसतोय."

"असणार," सर म्हणाले. "औषधात ठेवला की रंग जातो. पुस्तकात निळाच लिहिलाय. तुम्ही जिवंत बघितलाय?"

"हातभर लांबनं. त्येला खालनं बारीक बारीक पाय आसत्यात, शेकड्यानं. त्येच्यावर सरकत सरकत जातोय. लय हळू. त्येला कुटं जायचंय म्हनून मी बगत बसलो, तर माझी हवा संपत आली, त्यो काय पोचला न्हाई."

सर हसले. त्यांनी चहा मागवला, आणि पुढचा सगळा तास दोघं बरणीसमोर बसून बोलत राहिले. मी खिडकीशी बसून होतो. निघताना सरांनी सांगितलं की त्यांना शिकवणाऱ्या एक बाई निवृत्त होऊन मालवणच्या बाजूला राहतात. हौशी पाणबुड्यांसाठी त्या थंडीत घरीच एक छोटा वर्ग घेतात, समुद्रात काय काय दिसतं आणि ते तसं का असतं, याचा. पदवी लागत नाही. फक्त कार्ड लागतं.

अण्णांनी खिशातून कार्ड काढलं, बघितलं आणि परत ठेवलं. परतीच्या एसटीत ते खिशावर हात ठेवून ताठ बसले होते. मी म्हटलं, "श्वास सोडा, अण्णा." ते लाजले.

काकींना घेऊनच जायचं, हे ठरलेलंच होतं. मला वाटलं होतं, त्या आढेवेढे घेतील. जनावरं कोण बघणार, लोक काय म्हणतील वगैरे. अण्णांनी विचारलं आणि काकींनी जाऊबाईंना हाक मारून म्हशीच्या धारा सांगितल्या, भाकरी बांधल्या, शेंगदाण्याची चटणी कुटली आणि ठरलेल्या दिवशी सगळ्यांच्या आधी स्टँडवर येऊन बसल्या. मी दुभाष्या म्हणून गेलो होतो. तिथं गेल्यावर कळलं की बाई अस्खलित मराठी बोलतात. मग मी परत जायचं सोडून तिथंच राहिलो, कारण मासे चांगले मिळत होते. मी खाण्याचे म्हणतोय.

पहिल्यांदा समुद्र दिसला तेव्हा अण्णांनी समुद्राकडं बघितलंच नाही, काकींकडं बघत राहिले. काकींनी पदर खोचला, गुडघाभर पाण्यात गेल्या, थोडं पाणी हातात घेऊन जिभेला लावलं आणि परत आल्या. "खारट हाय," त्या म्हणाल्या. नदीकाठच्या बाईला पाण्याचं कौतुक किती असणार. पण अण्णांचा चेहरा पडला. "बगा, मास्तर," ते मला हळूच म्हणाले, "ह्ये बी तिनं चाखून बगितलं."

वर्ग बाईंच्या कौलारू घराच्या पडवीत भरायचा. पुण्याचे दोन इंजिनियर, मुंबईचे एक दातांचे डॉक्टर आणि आणखी काही हौशी मंडळी. सगळे अर्ध्या चड्डीत. त्यांच्यात धोतर-टोपीतले अण्णा पुढं मांडी घालून बसत, आणि काकी मागं खांबाला टेकून. पहिल्या दोन दिवसांत बाईंनी लाटा, भरती-ओहोटी आणि शेवाळ शिकवलं. ओहोटीला खडकांत नेऊन डबक्यांतले जीव दाखवले. अण्णांनी एकही प्रश्न विचारला नाही. मला नवल वाटलं. ज्यासाठी एवढा आटापिटा केला ते विचारायचं सोडून हा माणूस शेवाळ काय ऐकतोय?

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना मी ते बोलून दाखवलं.

अण्णांनी कप फिरवला. "आन बाई न्हाई म्हनल्या तर?"

"नाही कशाला म्हणतील? तुम्ही डोळ्यांनी बघितलंय ना?"

"मी बगितलंय. पन खाली डोस्क्यावर हवेचा दाब आसतोय. कदी कदी मानसाला नसलेलं दिसतंय, आसं आमच्या शिकवनाऱ्यानंच सांगितलं हुतं. बाई तिच्या म्होरं न्हाई म्हनल्या, तर मास्तर, मी घरात तोंड कसं दावू? आता तिथंच ऱ्हायाचंय मला. परत जायला दुकान बी न्हाई."

त्यांच्या जागी मी असतो तर मीही शेवाळच ऐकत बसलो असतो.

पण त्या दिवशी ते उठले. बाई खडकाविषयी बोलत होत्या. अण्णा मधेच उभे राहिले, टोपी सारखी केली, आणि म्हणाले, "बाई, एक इचारायचं हुतं. चोचीवाला मासा आसतोय. हिरवा-निळा. त्यो दगड खातोय, आन मागनं वाळू सोडतोय. मी बगितलाय. ह्ये खरं हाय का मला भास झाला?"

पडवीत कुणीतरी खुदकन हसलं. बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला. मला स्वतःला श्वास धरल्यासारखं झालं.

"अगदी खरं आहे," बाई म्हणाल्या. "त्याला पोपट मासाच म्हणतात. तो ज्याला चावतो तो दिसायला दगड, पण ते प्रवाळ असतं. त्याच्यातलं शेवाळ तो खातो. दगड दळायला त्याच्या घशात वेगळे दात असतात. दळलेलं मागून टाकतो. तुम्ही ज्या बेटावर होता ना, तिथल्या पांढऱ्या वाळूतली बरीचशी याच्या पोटातून आलेली असणार." मग त्या आत गेल्या आणि प्रवाळाचा एक तुकडा घेऊन आल्या. त्याच्यावर चोचीचे ओरखडे होते, जोडीजोडीनं. तो त्यांनी अण्णांच्या हातात दिला. आवाज ऐकू येतो का, हेही त्यांनी विचारलं आणि अण्णा "कडाकडा" म्हणाल्यावर त्यांनी आनंदानं मान हलवली.

अण्णा तुकडा घेऊन वळले. सगळा वर्ग ओलांडून त्यांनी मागच्या खांबाकडं बघितलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं की," काकी म्हणाल्या.

"आता तरी खरं वाटलं का?"

काकींनी त्यांच्याकडं जरा गोंधळून बघितलं. "मला कवा खोटं वाटलं?"

अण्णा हळू आवाजात म्हणाले, "मग गप का बसायचीस? रोज सांगतोय, एक हूं न्हाई तुझा."

इतक्या लोकांसमोर बोलायची काकींना सवय नव्हती. त्यांनी पदर सारखा केला, जमिनीकडं बघितलं. "आवं, दिवाळीला यायचासा, तवा तिकडचं कायतरी सांगाय घ्यायचासा. मी हूं म्हनलं की थांबायचासा. माझ्याकडं बगायचासा, आन फुडचं इसरायचासा. मग म्हनायचासा, ऱ्हाऊ दे, भाकरी वाढ. दर दिवाळीला आसंच. औंदा पैल्यांदा तुमी न थांबता बोलाय लागलासा. मी म्हनलं, आपुन हूं बी म्हनाय नगो. थांबलं बिंबलं तर."

मी तसा कोरडा माणूस आहे, लग्नात पाठवणीला मी पंगतीत असतो. पण मला त्या दिवशी भरून आलं आणि ते लपवायला मी वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखं केलं. दातांच्या डॉक्टरांनी रुमाल काढला. बाईंनी चहा आणते म्हणून सांगितलं आणि त्या आत गेल्या, त्या बऱ्याच उशिरा बाहेर आल्या.

अण्णा काकींजवळ गेले. हातातला प्रवाळाचा तुकडा त्यांनी काकींच्या हातात दिला, आणि काकी चोचीच्या खुणांवरून अंगठा फिरवत बसल्या.

उरलेले दिवस अण्णांनी बाईंना प्रश्न विचारून भंडावून सोडलं. मोठा मासा न्हाव्याला का गिळत नाही, हेही कळलं. अंगावरचे किडे साफ झाले की मोठ्याला बरं वाटतं आणि न्हाव्याचं पोट भरतं, दोघांची सोय असते. "म्हंजे धंदा हाय," अण्णा समाधानानं म्हणाले. एका ओहोटीला त्यांनी काकींना कमरेएवढ्या पाण्यात नेलं, आपला चष्मा त्यांच्या डोळ्यांना लावला आणि खाली बघायला सांगितलं. काकी पाण्यात तोंड घालून इतका वेळ राहिल्या की मी काठावरून ओरडणार होतो. अण्णा मात्र त्यांचा हात धरून निवांत उभे होते.

परतीची एसटी मालवणहून कोल्हापूरची. ते दोघं माझ्या पुढच्या बाकावर बसले होते, काकी खिडकीशी. गाडी सुटल्यावर अण्णांनी सुरुवात केली. प्रवाळ म्हणजे काय, ते दगड नसून जिवंत कसं असतं, पोपट मासा त्याला चावतो कसा, घशातले दात कुठं असतात, वाळू होते कशी. घाट चढेपर्यंत ते पोपट माशावरच होते. घाट संपल्यावर न्हाव्यावर आले. कंडक्टर येऊन तिकिटं घेऊन गेला तरी ते थांबले नाहीत. बाईंनी सांगितलेलं जवळजवळ शब्दाला शब्द होतं. आठवडाभर काकी पडवीत त्याच खांबाला टेकून हे सगळं ऐकत होत्या, आणि त्यातलं निम्मं त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाण्यात बघितलं होतं.

त्या अण्णांकडं तोंड करून बसल्या होत्या. कोल्हापूर येईपर्यंत त्यांनी एकदाही हूं म्हटलं नाही.